पेटी विकणारं पान

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे. चहा आल्यामुळे त्या दिवशी गाळावा लागलेला भाग इथे परत घातला आहे.)



सकाळपासून डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, मर्चंट नेव्हीतला बोलला. त्यांची कामं सगळ्यांना कळतात. मी पुण्यात राहून जाहिरातीचा मजकूर लिहिते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते टीव्हीवरचं?" तर ते नव्हे. मी लँडिंग पेज लिहिते. फोनवर जाहिरात दिसते, तुम्ही तिच्यावर बोट टेकवता आणि एक पान उघडतं. त्या पानावर तुम्ही वस्तू मागवता किंवा मागे फिरता. त्या पानावरचे शब्द माझे. नावात ‘लँडिंग’ आहे म्हणून विमान डोळ्यांसमोर आणू नका, आपली एसटी आणा. माणूस गाडीतून उतरला की त्याला समोर पाटी दिसली पाहिजे. आपण बरोबर ठिकाणी उतरलो का, इथून पुढे कुठे जायचं, एवढं त्याला उभ्या उभ्या कळलं पाहिजे. कळलं नाही तर तो दुसऱ्या गाडीत बसतो. फोनवर दुसरी गाडी अर्ध्या सेकंदात येते.

मला वीस मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात शास्त्र सांगत बसत नाही. एकाच पानाची गोष्ट सांगते. ते पान आपल्या वर्गातल्या एका बागायतदाराचं आहे. तो इथे बसला आहे. "माझा नाव घेव नको" म्हणालाय, म्हणून घेत नाही. पण मी बोलताना कोण खाली बघतंय ते बघा, म्हणजे कळेल.

त्याची हापूसची बाग वडिलांच्या वेळची. वर्षानुवर्षं माल वाशीला जायचा. तिथे काय भाव लागला ते नंतर कळायचं, आणि पट्टी आली की हमाली, वाहतूक, दलाली वजा होऊन जे उरेल ते आपलं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात हे चालतं, त्यामुळे जास्त सांगत नाही. त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याने ठरवलं की निदान निम्मा माल थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायचा. कुणाकडून तरी पान बनवून घेतलं, फेसबुकवर जाहिरातीला पैसे लावले. लोक पानावर येत होते आणि जात होते. ऑर्डर नाही. मग मला फोन आला.

मी ते पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत ‘कोकणचा राजा आता तुमच्या दारी!’ खाली ‘निसर्गाचा अमृतमय ठेवा’. त्याखाली ‘आमच्या प्रीमियम गुणवत्तेच्या आंब्यांचा अनुभव घ्या’. मग संस्थेविषयी दोन परिच्छेद, सूर्यास्ताचा फोटो आणि सगळ्यात खाली ‘सबमिट’ असं बटण.

आता मला सांगा, आंब्याचा ‘अनुभव’ कोण घेतं? आंबा खातात. ही वाक्यं इंग्रजीत जन्मलेली असतात आणि मराठीत ती परक्या घरी आल्यासारखी अवघडून बसतात. ती खोटी नव्हती, ही त्यातली आणखी वाईट बाजू. ती कुणाचीही असू शकत होती. तेच पान काजूला लावा, मधाला लावा, फ्लॅटच्या स्कीमला लावा, चालून जाईल. दहावीच्या मराठीत आता उपयोजित लेखनात जाहिरातलेखन असतं. माझ्या भाचीची वही मी बघितली, तीत ‘त्वरा करा! त्वरा करा!’ आणि ‘आकर्षक सवलत’. बाई, तुम्ही पूर्ण गुण देत असाल, पण बाजारात याला गुण मिळत नाहीत. वाचणाऱ्याने हे इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्याची नजर त्यावरून घसरते.

नजर घसरते हे मी उगाच म्हणत नाही. १९९७ साली जेकब नील्सन यांनी लोक वेबपानं कशी वाचतात हे तपासलं. त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नुसती नजर फिरवत होते. शब्द न् शब्द वाचणारे होते १६ टक्के. तेव्हा लोक टेबलाशी बसून मोठ्या पडद्यावर वाचत. आज ते रिक्षात, रांगेत, भाजी फोडणीला टाकता टाकता वाचतात.

मग मी काय केलं? पहिले दोन दिवस काहीच लिहिलं नाही. त्याच्याकडे त्याच्या फोनमधले ग्राहकांचे व्हॉट्सअॅप संदेश मागितले, आधीच्या दोन हंगामांचे. तो म्हणाला, त्यात काय आहे, नुसते प्रश्न आहेत. मी म्हटलं, मला प्रश्नच हवेत. ते वाचले आणि वहीत उतरवून काढले. आंबे कच्चे येणार की पिकलेले? घरात लहान मूल आहे, कार्बाइड नाही ना? गेल्या वर्षी दुसरीकडून पेटी घेतली, वरचा थर मोठा आणि खालचा बारीक निघाला, तुमचं तसं नाही ना? कापल्यावर आत खराब निघाला तर? हा खरंच देवगडचा आहे की कर्नाटकातला? रस्त्यावर स्वस्त मिळतो, तुमचा महाग का?

माझं निम्मं काम तिथेच झालं. लोकांना राजा, अमृत, ठेवा यांतलं काही नको होतं. त्यांना भीती होती, आणि ती रास्त होती. पैसे आधी द्यायचे, फळ न बघता घ्यायचं आणि विकणारा चारशे किलोमीटर लांब बसलेला. मंडईत माणूस आंबा उचलून देठापाशी वास घेतो. फोनवर वास येत नाही. पानावरच्या शब्दांना त्या वासाचं काम करावं लागतं.

मग मी त्याला फोन लावला आणि दोन तास नुसती प्रश्न विचारत होते. फळ कधी काढता? सकाळी ऊन चढायच्या आत. कसं काढता? घळीने, देठ ठेवून, जमिनीवर पडू न देता. पडलेलं फळ? ते पेटीत नाही, ते घरी आमरसाला किंवा कॅनिंगला. मग? मग आढी. पेंढ्यात थर लावायचे. मी म्हटलं, हे सगळं पानावर का नाही? तर हा म्हणतो, "अगो, ह्या तर सगळेच करतत, त्यात काय सांगूचा?"

हे वाक्य मी आजवर शंभरदा ऐकलं असेल. खानावळवाल्यांकडून, शिकवण्या घेणाऱ्यांकडून, पितळी भांडी घडवणाऱ्यांकडून. आणि हे वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वीही कुणीतरी म्हटलं होतं. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरात लिहिणारा होता. त्याच्याकडे मिलवॉकीच्या श्लिट्झ बिअरचं काम आलं. सर, माफ करा, उदाहरण बिअरचं आहे. त्या काळी सगळे बिअरवाले ‘शुद्ध’ एवढंच मोठ्या अक्षरात छापत होते. हॉपकिन्स कारखाना बघायला गेला. तिथे काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत बिअर थंड होते, बाटल्या पुन्हा पुन्हा धुतात, पाणी खोल विहिरींतून येतं. तो चकित झाला. हे लोकांना का सांगत नाही, असं त्याने विचारलं. उत्तर आलं, सगळेच कारखाने असंच करतात. त्याने तेच लिहिलं, आणि मागे पडलेली श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आली असं त्याने १९२७च्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवलंय. स्वतःच्या विजयाचे आकडे माणूस स्वतः सांगतो तेव्हा थोडे कमी धरावेत. पण मुद्दा पक्का आहे. तुम्हाला जे रोजचं ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. आपल्याला आढी काय हे सांगावं लागत नाही. पुण्यात पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीने आढी कधी पाहिलेली नसते, आणि ती ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेले’ हे शब्द इतक्या ठिकाणी वाचते की तिचा त्यावर विश्वास उरत नाही. ‘पेंढ्याच्या आढीत थर लावून’ म्हटलं की तिला चित्र दिसतं.

तर नव्या पानाचा मथळा असा झाला: ‘देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतला हापूस. काढल्यापासून तिसऱ्या दिवशी पुण्यात तुमच्या घरी.’ राजा नाही, उद्गारचिन्ह नाही. त्याखाली आमच्या मित्राचा फोटो, बागेत, घळ हातात. सूर्यास्त काढून टाकला. मित्र दिसायला सूर्यास्ताइतका देखणा नाही, पण पैसे सूर्यास्ताला द्यायचे नसतात.

मग एकेक भीती घेतली आणि तिला जिथल्या तिथे उत्तर दिलं. ‘पेटीत फळ कच्चं, हिरवट येईल. घरी पेंढ्यातच ठेवा, रोज एकदा बघा, रंग आणि वास आला की खा. फ्रिजमध्ये कच्चं फळ ठेवू नका.’ आधीच्या पानावर हे लपवल्यासारखं होतं, कारण त्याला वाटायचं की कच्चं म्हटलं तर कोण घेणार. उलट झालं. कच्चं येणार हे आधीच सांगितल्यामुळे पेटी उघडून कुणी चिडलं नाही. ‘एका पेटीत एकाच मापाची फळं, २२५ ते २५० ग्रॅम. खालचा थरही त्याच मापाचा, पेटी आल्यावर उलटी करून बघा.’ कार्बाइडचं सांगताना नुसतं ‘केमिकल फ्री’ लिहिलं नाही, कारण तो शब्द हल्ली साबणावरही असतो. लिहिलं की कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. बाजारात इथिलीन वायू वापरतात, त्याला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. आम्ही यातलं काहीच वापरत नाही, आढी लावतो, म्हणून आमचं फळ सगळं एकदम पिवळंधमक होत नाही, पुढेमागे पिकतं. शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ज्याला दोष समजतील त्याचं कारण आधीच हातात दिलं.

सगळ्यात अवघड होता साका. इथल्यांना माहीत आहे. बाहेरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखं. बाहेरून कुणालाच कळत नाही, बागायतदारालाही नाही. मी म्हटलं, पानावर लिही. तो तयार नव्हता. "वायट गोष्ट आपणच कित्याक सांगूची?" दोन दिवस आमचा वाद चालला होता. शेवटी असं लिहिलं: ‘हापूसमध्ये कधी कधी साका निघतो. तो बाहेरून ओळखता येत नाही. असं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, त्या फळाचे पैसे त्याच दिवशी परत.’ बस. अटी लागू वगैरे तळटीप नाही. या चार ओळींनी जितक्या ऑर्डर आणल्या तितक्या वरच्या सगळ्या मजकुराने आणल्या नसतील, असं माझं मत आहे. मत म्हणते, कारण हे मोजायचं तर दोन वेगळी पानं करून हजारो लोकांना दाखवावी लागतात. मोठ्या कंपन्या ते करतात. लहान माणसाने पैसे त्यात घालवू नयेत. त्याने प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फोनवर एकच प्रश्न विचारावा, "पानावर काय वाचून मागवलंत?" आमच्या मित्राने तो विचारला. बहुतेकांनी साका सांगितला.

देवगडचाच कशावरून, याचं उत्तर कायद्याने सोपं केलंय. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावता येतं. पण मानांकन मिळालं म्हणून उद्या कुणीही त्याचं चिन्ह छापायचं असं नाही, बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आपल्या मित्राने ती केली आणि मग प्रमाणपत्राचा फोटो पानावर आला. ज्यांनी अजून केलेली नाही त्यांनी जाहिरातीवर पैसे घालण्याआधी हे काम करावं. मी लिहिलेल्या कुठल्याही विशेषणापेक्षा त्या कागदाचं वजन जास्त आहे.

पानाचा क्रम कसा लावायचा, असं मला शिकवण्या घेणारे लोक विचारतात. त्यांना मी आपल्या गावच्या उत्सवातलं कीर्तन आठवायला सांगते. बुवा आधी नमन करतात, मग पूर्वरंगात विषय मांडतात, समोरच्याच्या मनातली शंका स्वतःच उभी करतात आणि सोडवतात. उत्तररंगात आख्यान, म्हणजे एका माणसाची गोष्ट. आणि मग आरतीचं ताट फिरतं. ताट सुरुवातीलाच फिरवलं तर कोण घालील? आणि फिरवलंच नाही तर? पानावरचं बटण म्हणजे ते ताट. फरक इतकाच की फोनवरचा श्रोता मधूनच उठून जातो, म्हणून ताट दोन-तीनदा फिरवावं लागतं, प्रत्येक शंका सुटल्यावर एकदा. आणि ताटावर ‘सबमिट’ लिहू नये. आम्ही ‘माझी पेटी नोंदवा’ लिहिलं. नोंदणीत नाव, फोन, पत्ता, पिनकोड एवढंच. जुन्या पानावर जन्मतारीखही विचारली होती. आंबे पाठवायला जन्मतारीख कशाला, पत्रिका जुळवायची आहे?

एक तांत्रिक गोष्ट पटकन सांगते. पान स्वतःच्या महागड्या फोनवर, घरच्या वायफायवर बघू नका. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, रेंज अर्धी असेल अशा ठिकाणी जा आणि उघडा. फोटो उमटेपर्यंत तुम्हालाच कंटाळा आला तर गिऱ्हाईक केव्हाच गेलंय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण घेतलं तिच्याकडे येते. पान लागल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. दुसऱ्या एका विक्रेत्याच्या पानावर उलटं घड्याळ होतं, ‘ऑफर संपायला १४ मिनिटं ५९ सेकंद’, आणि खाली ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’. म्हणाला, आपल्यालाही तसं लाव. मी नाही म्हटलं. तो चिडला. "तुका नाय म्हणूक काय जाता? माल माझो पडान आसा." आणि ते खरं होतं. फी भरायची तारीख त्याची होती, माझी नव्हती.

मी नाही का म्हटलं? त्याच वर्षी माझ्या मावशीने, वय वर्षे एकाहत्तर, असंच घड्याळ बघून गुडघेदुखीचं तेल मागवलं होतं. एक बाटली नव्हे, सहा बाटल्या, कारण सहा घेतल्या तरच सवलत आणि घड्याळ पळत होतं. पानावर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो, पुणे, नाशिक, सोलापूर असे गावांसकट अभिप्राय, आणि नको म्हणायचं असेल तर दाबायचं बटण होतं ‘नाही, मला दुखणं सहन करायचं आहे’. तिने पेन्शनमधले पैसे भरले. मी दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसले, कारण मला त्यातलं एकेक वाक्य ओळखीचं होतं. भीती ओळखली होती, तिला नाव दिलं होतं, एका माणसाची गोष्ट सांगितली होती, ताट योग्य वेळी फिरवलं होतं. सगळं कौशल्य माझ्याच धंद्यातलं. खाली फक्त माल नव्हता.

तुमच्यासाठी नाही तर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा युक्त्यांवर मार्गदर्शक नियम काढले, तेरा प्रकार नावानिशी. खोटी घाई दाखवणं त्यात पहिलं आहे. टोपलीत न सांगता एखादी वस्तू घालून बिल वाढवणं आहे, नको म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण आहे, सुरुवातीला एक किंमत सांगून पैसे भरताना हळूहळू शुल्कं वाढवणं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे, त्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. मधुमेह, कर्करोग बरा करतो अशा जाहिरातींना तर १९५४च्या कायद्याने मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. चार आकडे आहेत, आईच्या फोनमध्ये आजच घाला. माझ्या मावशीची तक्रार मी केली. पैसे अजून आलेले नाहीत.

मित्राशी माझं असं ठरलं की घाई खरी असेल तर लिहायची. आणि आंब्यात घाई खरी असतेच, ती बनवावी लागत नाही. दर बुधवारी तो मला सांगायचा, या आठवड्यात किती पेट्या निघतील. तो आकडा पानावर जायचा, आणि प्रत्येक ऑर्डरबरोबर हाताने कमी व्हायचा. पेट्या संपल्या की ‘या आठवड्याची काढणी संपली, पुढची गुरुवारी’. शिल्लक आकडा मोठा असेल तेव्हाही तो तसाच दिसायचा, आणि हे त्याला फार जड गेलं. "चाळीस शिल्लक बघून कोण घाई करतलो?" कुणी केली नाही. त्या आठवड्यात पेट्या उरल्या, त्या वाशीला गेल्या. मी हे सांगते आहे कारण अशा भाषणांत सगळ्याच गोष्टींना लगेच फळ येतं. इथे आलं नाही. पहिला हंगाम जेमतेम गेला.

मग मेच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. फळावर डाग पडले, काही फळ गळालं. पुढच्या तीन दिवसांच्या ऑर्डर आधीच पैसे भरून आलेल्या होत्या. त्याने मला रात्री साडेदहाला विचारलं, आता काय लिहायचं? आम्ही पानाच्या सगळ्यात वर हे लिहिलं: ‘सोमवारी बागेत पाऊस झाला. या आठवड्यात पेटी पाठवत नाही. पैसे परत हवे असतील तर तसं कळवा, थांबणार असाल तर पुढच्या काढणीची पहिली पेटी तुमची.’ आणि हाच मजकूर प्रत्येकाला वेगळा पाठवला. ते पान त्या आठवड्यात काहीच विकत नव्हतं. काहींनी पैसे मागितले, त्यांना दिले. बरेच जण थांबले. त्यातल्या एका बाईंनी उत्तर पाठवलं की झाडं ठीक आहेत ना? आमच्या मित्राने ते मला पुढे पाठवलं, खाली काही न लिहिता. दुसऱ्या हंगामात जाहिरातीवर त्याने पहिल्यापेक्षा कमी खर्च केला, कारण मागवणाऱ्यांत निम्मे जुनेच होते, आणि त्यांच्या सांगण्यावरून आलेले होते. वाशीला अजूनही माल जातो, सगळा नाही. मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे.

सकाळी चहाच्या वेळी दोघांनी मला विचारलं की आता तुझं काम काय उरलं, चॅटजीपीटी लिहून देतं की. देतं. व्याकरण माझ्याहून बरं असतं कधी कधी. पण त्याला साका माहीत असला तरी तुमच्या बागेत गेल्या वर्षी तो किती फळांत निघाला हे माहीत नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकाने रात्री अकरा वाजता काय विचारलं हेही नाही. ते तुम्ही सांगितलंत तर ते नीट मांडून देईल. नाही सांगितलंत तर ‘कोकणचा राजा’ लिहील. आणि मागितलेत तर पुणे, नाशिक, सोलापूर असे गावांसकट अभिप्रायही रचून देईल. ते मागू नका. अभिप्राय हवे असतील तर गिऱ्हाइकाचा खरा संदेश त्याला विचारून, त्याच्याच मोडक्यातोडक्या मराठीत तसाच लावा. आमच्या पानावरचा सगळ्यात चांगला अभिप्राय असा आहे: ‘१ आंबा खराब निघाला. पैसे आले. बाकी ११ छान.’ मी दहा दिवस बसूनही हे लिहू शकले नसते.

आता शेवटचं, आणि हे समितीसाठी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी जमवायचा आहे, त्याचं पान मी लिहावं असं काल ठरलं. मसुदा म्हणून मला जो कागद दिलाय त्यात ‘ज्ञानमंदिर’ चार वेळा आणि ‘ऋणानुबंध’ तीन वेळा आलंय. सर, तुमचं अक्षर मी ओळखते, रागावू नका. ते शब्द वाचून दुबईतला आपला वर्गमित्र हळवा होईल, पण पैसे किती द्यायचे ते त्याला कळणार नाही. मला हवं आहे ते असं: किती मुलं एका टेबलाशी उभी राहतात, किती स्पिरिटचे दिवे चालू आहेत, नळाला पाणी कुठल्या महिन्यात नसतं, एका टेबलाची दुरुस्ती सुतार किती सांगतो, पैसे कुठल्या खात्यात जातील, त्यावर कुणाच्या सह्या, करात सवलत मिळेल की नाही, आणि खर्चाचा हिशोब किती तारखेला सगळ्यांना पाठवणार. त्या तारखेला पाठवणार नसू तर ती तारीख पानावर घालायची नाही. आणि गळक्या कौलांचा फोटो हवा, रंगरंगोटी करायच्या आधीचा.

मुख्याध्यापक बाई, जेवणं झाली की मला प्रयोगशाळेची किल्ली द्या. आणि सध्याच्या नववीतली दोन मुलं बरोबर द्या, मला त्यांना काही विचारायचंय.